सतरा जिंकल्या, नऊ हरल्या

गुरुवार, २७ मार्च १९९७

टीव्ही गेमच्या कार्ट्रिजमधली बॅटरी मरायला आली आहे. मुख्तारने मीटर लावून दाखवलं. काटा अर्ध्यावरसुद्धा चढेना.

सूकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, रेडिओ, टेप आणि टीव्ही गेम दुरुस्त करणारा मुख्तार. या बाबतीत त्याच्यापेक्षा खात्रीचा माणूस मनामात काय, अख्ख्या बहरीनमध्ये नाही. म्हणाला, "बाजी, दो महीना चलेगा, छे महीना चलेगा, अल्ला मालिक. जिस दिन गया, अंदर का सब खलास."

अंदर का सब. म्हणजे किसनची टीम.

सप्टेंबरात किसन गेला. त्याचे कपडे अकोल्याला देऊन टाकले, हेल्मेट आणि बूट प्लांटने परत घेतले. त्याच्या हातचं म्हणून जे राहिलंय ते या पिवळ्या प्लास्टिकच्या डबीत आहे – एक बेसबॉलचा सीझन. सतरा मॅच जिंकलेल्या, नऊ हरलेल्या, शेवटची राहिलेली.

श्रावूची दहावीची परीक्षा परवा संपली. म्हटलं, आता मशीन कपाटातून काढू, जूनमध्ये तू पुण्याला जायच्या आत पप्पांची ती शेवटची मॅच खेळून टाक. लावलं तर पहिल्यांदा पडदा नुसताच काळा. दुसऱ्यांदा लावल्यावर आलं. मी घाबरले. ती म्हणते, "लीव्ह इट ना, आई. जुनं झालंय ते."

माझ्याबरोबर मुख्तारकडेही आली नाही. डोकं दुखत होतं म्हणे!

शनिवार, २९ मार्च

पेपरच्या ड्यूटीला निघायला वेळ आहे. लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

हा गेम किसनने कुवेतच्या लढाईच्या त्या जानेवारीत आणला. खिडक्यांना टेप चिकटवलेल्या, शाळा बंद, सायरन झाला की श्रावू माझ्या पोटात डोकं खुपसायची. सूकमध्ये निम्मी दुकानं बंद होती. उघड्या होत्या त्यातल्या एकात हा जपानी गेम मिळाला. डब्यावरचं एकही अक्षर आम्हाला वाचता येईना. किसनला वाटलं क्रिकेट आहे. बॅट दिसत होती ना चित्रात!

नियम अंदाजाने लावले. पळणाऱ्याला जिथे थांबायचं असतं ते ल्यूडोसारखं 'घर' झालं. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर, आणि जिथून निघाला ते आपलं घर. तिथे परत पोचला की रन. आमच्या हॉलमध्ये सहा वर्षं हीच ओरड होती – "घरी आला! घरी आला!" शेजारच्या जुबैदाला वाटायचं, आमच्याकडे इंडियाहून रोज कोणीतरी येतं.

मशीनची एक गोष्ट मात्र किसनला कधी पटली नाही. तिसऱ्या घरापर्यंत पोचलेला गडी तिथेच अडकला आणि डाव संपला, तर त्याला काहीच नाही. "एवढा पळाला बिचारा! मंग अर्धा तरी द्या ना!" मशीन देत नसे. किसन आणि त्याचा दोस्त गुंडू तो अर्धा रन तोंडी धरायचे.

खेळाडूंना नावं देता यायची. इंग्रजी अक्षरं, तीही पाचच. किसन स्वतः, उज्ज्वल – म्हणजे माझा भाऊ, पुण्याचा – गुंडू, त्याची बायको लक्ष्मी, श्रावस्ती. माझ्या नावातला एक 'ए' त्याने खाल्ला आणि मला विकेटकीपरसारखं घरामागे उभं केलं. "तू घर सांभाळ." मी म्हटलं, घर सांभाळून पेपरही सांभाळते, दोन नावं दे!

श्रावूशी त्याचं भांडण 'डब्ल्यू'वरून. हा 'व' म्हटलं की डब्ल्यूच लिहिणार. तिच्या पासपोर्टवर, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे डब्ल्यू. टीचर 'श्रॉस्टी' म्हणायच्या, पोरगी रडत घरी. "पप्पा, इट्स अ व्ही!" तर हा म्हणे, "काऊन? आमच्या अकोल्यात वसंत, विलास, वामन, सगळे डब्ल्यूनंच चालतात." गेममध्येही तिचं नाव एस एच आर ए डब्ल्यू. उज्ज्वललाही डब्ल्यू. व्ही लिहायचं ते शाळेतल्या वह्यांवर, तिने स्वतः. त्यावर त्याने कधी हरकत घेतली नाही.

आणि बंद करण्याची पद्धत. आधी 'रिसेट' दाबून धरायचं, मग बटण बंद. नाहीतर आतली आठवण पुसली जाते. मशीनवर त्याने पट्टीच चिकटवली होती – 'रिसेट दाबून धरजो, मंगच बंद करजो.' मराठीत. म्हणजे फक्त आपल्याच माणसांनी बंद करावं, असा कावा!

शुक्रवार, ४ एप्रिल

गुंडू आणि लक्ष्मी आले होते. किसन गेल्यापासून पहिल्यांदाच दोघं जेवायला थांबले. गुंडू गडहिंग्लजकडचा. झल्लाकच्या एका हॉटेलची व्हॅन चालवतो. दर शुक्रवारी किसनशेजारी बसायचा आणि न चुकता मशीनच्या बाजूने ओरडायचा. किसन हरला की गुंडूला समोसे.

मुख्तारचं सांगितलं. गुंडू हातातला घास धरूनच राहिला. "वैनी, काय बी करा, पण ते ऱ्हायला पायजे बगा. किसनराव हायत त्यात."

मग त्या दिवसाच्या गोष्टी निघाल्या. शुक्रवारची सुट्टी असूनही प्लांटमध्ये शटडाऊनचं काम म्हणून किसनला फोन आला. मॅच अर्ध्यात. तो स्वतःच, त्याच्या नावाचा गडी, तिसऱ्या घरात उभा. पॉझ करून निघाला – "बंद नको करजो, येतोच मी." प्लांटमध्येच छातीत दुखलं. सलमानिया हॉस्पिटलला नेलं, पण उशीर झाला होता.

लक्ष्मी म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात हुता, वैनी. हिकडं घर मान्सांनी भरलं, आणि ह्यो टीव्ही आपला चालूच! रंगीत चित्रं, टुंग टुंग वाजतंय! मयताच्या घरात बरं दिसतं व्हय? मीच भिंतीवरलं बटण बंद केलं."

मी म्हटलं, बरं केलंस.

श्रावू ताट घेऊन आत गेली. भात तसाच होता. बराच वेळ नळ चालू होता.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. हॉलमध्ये वंदना, भाषणं, मुलांचे कार्यक्रम. श्रावू इंग्रजीत बोलली, छान बोलली. दरवर्षी माईकची वायर धरून किसन उभा असायचा. यंदा कोणीतरी दुसरा होता. वायर नीट धरली होती त्याने.

शुक्रवार, २५ एप्रिल

शेवटी मशीन लावलं. मी हट्टच धरला. मला खेळायचं नव्हतं, एकदा बघायचं होतं.

श्रावू सगळं भराभर पुढे नेत होती. नावांचं पान आलं, गेलं. "थांब की!" मी ओरडले, मग मागे आणलं. किसन पहिल्या ओळीत. के आय एस ए एन. मी त्याच ओळीकडे बघत बसले. मग निकालांचं पान. सतरा, नऊ. तसंच.

"ती शेवटची मॅच खेळ ना," म्हटलं.

"नाही."

"का गं?"

"दॅट वन इज हिज."

तिने रिसेट दाबून धरलं, मग बंद केलं. बापासारखंच, अंगठ्याने.

त्यानंतर ड्यूटीवर गेले, पण काहीतरी खटकत राहिलं. पान छापायला सोडल्यावर खटकतं तसं. सगळं ठीक आहे, कुठेतरी एक अक्षर चुकलंय, आणि डोळ्याला ते सापडत नाही.

ऑक्टोबरात अकोल्याहून परतल्यावर ही पोर दुपारी शाळेतून आली की गेम लावून बसायची. मी डेस्कला जायची तयारी करत असायची. रागावले होते तेव्हा. वडील जाऊन महिना नाही! पप्पांच्या टीमला हात लावू नकोस एवढंच बजावलं. नाही लावत म्हणाली. जानेवारीत मीच मशीन कपाटात टाकलं, कुलूप लावलं. रडली नाही, काही नाही. "ओके. आय ॲम डन," म्हणाली.

ते का आठवलं आज?

शनिवार, ३ मे

मुख्तारला एक तोड सुचली आहे. जुनी बॅटरी न काढता नवी तिच्या जोडीला लावायची, मग जुनी कापायची. म्हणजे आत करंट चालू राहील. हात हलला तर सगळं जाईल.

"होगा?"

"इंशाल्ला."

"मुख्तारभाई, इंशाल्ला म्हणजे हो की नाही?"

हसला. "बाजी, हाँ होता तो हाँ बोलता."

तो मुलतानला सुट्टीवर चालला आहे. जूनच्या मध्यावर परत. तोवर कार्ट्रिज गार ठेवायला सांगितलं. किसनच्या शर्टांच्या रिकाम्या कप्प्यात ठेवलंय, एसीखाली.

मंगळवार, २० मे

ट्रॅव्हल्समधून बाळाजी श्रावूचं तिकीट घेऊन डेस्कवरच आला. रविवार, ८ जून, मुंबई. मी सवयीने नाव तपासलं. व्ही.

"बाळाजी, पासपोर्टवर डब्ल्यू आहे. अडवतील तिला."

"मॅडम, सगळे व्हीच लिहितात हो. डब्ल्यू कोण लिहितं?"

आमच्याकडे एकच माणूस लिहायचा.

पडद्यावरचं ते पान समोर आलं. किसनच्या खाली तिसऱ्या ओळीत एस एच आर ए – व्ही. आणि त्याखाली उज्ज्वल. त्यालाही व्ही.

किसन मेला तरी उज्ज्वलला व्ही लिहिणार नाही.

बाळाजी म्हणाला, "मॅडम, पाणी देऊ?"

बुधवार, २१ मे

एका सोर्सवर बातमी धरायची नाही. तरी जुळवून बघते.

लक्ष्मीने भिंतीवरचं बटण बंद केलं. रिसेट कोणी दाबलं नव्हतं. म्हणजे त्याच दुपारी सगळं पुसलं गेलं. माणूस घरी यायच्या आधीच.

श्रावू तेव्हा घरात होती. तिला त्याच क्षणी कळलं असणार. तिने लक्ष्मीला शब्दाने दुखवलं नाही आणि मला सांगितलं नाही.

मग रोज दुपारी ती बसली. नावं भरली. आपलं नाव लिहिताना तिला डब्ल्यू आठवला नाही. हाताने शाळेतलंच लिहिलं. माझ्या नावातला 'ए' मात्र आठवणीने गाळला!

आणि मग एकेक मॅच.

गुरुवार, २२ मे

बुद्धपौर्णिमा. खीर घेऊन गुंडूकडे गेले. लक्ष्मी शेजारी गेली होती, ते बरं झालं. सहज विचारल्यासारखं विचारलं, श्रावू गेमचं काही बोलायची का तुझ्याशी?

"बोलायची म्हंजे? डोकं खाल्लं की वो माझं, दिवाळीच्या टायमाला! शाळा सुटली की व्हॅनपाशी हजर. काका, पप्पा कुणाकुणाकडनं हरले? कवा हरले? म्या म्हटलं, बाई, जिंकलेलं मला काय म्हाईत न्हाई, हरलेलं सगळं सांगतो. नऊ वेळा समोसे खाल्ल्यात म्या."

"आणि सांगितलंस?"

"सांगितलं न्हवं! लिवून घेतलं न्हाई काय न्हाई, नुसती बोटांवर मोजत हुती. का वो?"

काही नाही म्हटलं. दुजोरा मिळाला.

नऊ मॅच तिने हरून दाखवल्या. ठरवून. ज्यांच्याशी तो हरला त्यांच्याशीच. हातात बॅट असून मारायचं नाही, चेंडू जाऊ द्यायचा, बापाच्या नावाच्या गड्याला बाद होताना बघायचं. त्या दुपारी मी आतल्या खोलीत साडीला इस्त्री करत होते आणि मनात म्हणत होते, हिला काहीच कसं वाटत नाही!

गुंडू खीर संपवून म्हणाला, "वैनी, डोळ्यात काय गेलं?"

शुक्रवार, ३० मे

निकाल परवा लागला. ब्याऐंशी टक्के. उज्ज्वलचा फोन – तिच्यासाठी गॅलरीतली खोली रंगवून घेतली.

तिला काही बोलले नाही. बोलणारही नाही. तिला वाटतं माझ्यापाशी किसन आहे. ते तिने मला दिलंय. परत कसं करू?

बॅटरीचं काम मात्र करायचंच. आधी किसनचं म्हणून वाचवायचं होतं. आता श्रावूचं म्हणून.

रविवार, ८ जून

गेली.

एअरपोर्टवर गुंडूने बॅगा ढकलल्या, लक्ष्मीने चकल्यांचा डबा दिला. शेवटच्या काचेपाशी श्रावू परत फिरली. तिला काहीतरी सांगायचं होतं, दिसत होतं.

"आई, ती बॅटरी गेली तर... इट्स ओके. रिअली. तू रडू नको."

"जाणार नाही. मुख्तार येतोय."

"तरीपण. आणि आई, ॲक्चुअली –"

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. "डिसेंबरात येशील तेव्हा तूच लावून दाखव मला," म्हटलं. "जशी ठेवून चालली आहेस तशीच असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओके." आणि मराठीत – "येते मी."

पासपोर्टवाल्याने नाव वाचलं. श्रॉस्टी! आज ती चिडली नाही. हसली.

गुरुवार, १९ जून

मुख्तारकडे होते. त्याने पंखा बंद केला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पोराला चहाला पिटाळलं. नवी बॅटरी जोडली. जुनीची एक बाजू सुटली. दुसरी सुटली. घाम त्याच्या नाकावरून टपकत होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

मग त्याने कार्ट्रिज मशीनला लावलं.

नावांचं पान आलं. नऊ ओळी. नवाच्या नवात नुसते ठिपके.

"बाजी," तो म्हणाला. पैसे घेईना. जबरदस्तीने टेबलावर ठेवले. त्याची चूक नाही. त्याने हो म्हटलंच नव्हतं.

सूकमधून बाब अल बहरीनच्या वेशीपर्यंत चालत आले. उन्हात. टॅक्सी करायचं सुचलंच नाही. किसन पहिल्यांदा लक्ष्मीच्या हातून गेला, आज मुख्तारच्या. दोघांनी जपायलाच हात लावला होता.

तिला फोन करायचा की नाही?

शुक्रवार, २७ जून

फोन केला. खोलीचा रंग, कॉलेजचा फॉर्म, मेसचं जेवण. मग तिने हळूच विचारलं, "आणि बॅटरी?"

"बसवली," मी म्हटलं. "नवी आहे. आता दहा वर्षं बघायला नको."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. इतकी वर्षं डेस्कवर काढली, तेवढं जमतं.

शुक्रवार, ११ जुलै

गुंडूला दर शुक्रवारी बोलावलं आहे. का ते त्याला सांगितलंय, लक्ष्मीला नाही. कंट्रोलर कसा धरायचा इथपासून सुरुवात. पहिल्या दिवशी माझा गडी उलटाच पळाला, आणि गुंडू हसून हसून गादीवरून खाली. "वैनी, तिकडं न्हाई! घरामागनं घरात कुठं?" आज पहिली मॅच पूर्ण केली. हरले. ती नवातली धरायची की नाही यावर वाद झाला. गुंडू म्हणाला, पहिली हार जमशेदच्या टीमकडनं हुती, ही न्हाई चालणार. जमशेद म्हणजे मशीनच्या एका टीमला किसनने ठेवलेलं नाव. पुसून परत सुरू. तरी समोसे त्याने खाल्लेच.

सतरा जिंकायच्या आहेत, नऊ हरायच्या. शेवटची खेळायची नाही. तिसऱ्या घरातल्या त्या माणसाचा अर्धा रन मी तोंडी धरते.

नावं सकाळीच भरली. किसन. त्याखाली मी, एक 'ए' गाळून. तिसऱ्या ओळीला बोट डब्ल्यूवर गेलं होतं. तिथून काढलं. एस एच आर ए व्ही. उज्ज्वललाही व्ही.

१८ डिसेंबरला तिचं विमान आहे.